एका बेटाच्या भाषा : मॉरिशसचा प्रवास आणि भाषासंपर्काचा अभ्यास

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण द्वैभाषिकता, भाषिक ऋण आणि भाषांतर्गत मिसळण या संकल्पना पाहिल्या. त्या वाचताना 'हे सारे पुस्तकात ठीक, पण प्रत्यक्षात कोठे पाहायचे?' असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. या घटकात आपण एक ठिकाण पाहणार आहोत आणि तेही सहलीचे. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी छत्रपती संभाजीनगरातील प्रवासी संस्थांच्या फलकांवर निळा समुद्र, माडांची रांग आणि 'मॉरिशस' हे नाव तुम्ही पाहिले असेल. पुष्कळदा मधुचंद्राचे ठिकाण म्हणून त्याची जाहिरात होते. आपण मात्र तेथे कानांनी जाणार आहोत.

हा घटक वाचण्यासाठी मॉरिशसला जाऊन आलेले असणे आवश्यक नाही. जाण्याची संधी मिळाली तर उत्तम. न मिळाली तर याच अभ्यासासाठी रायगड जिल्ह्यातील एक गाव पुरेसे आहे. त्याकडे आपण शेवटी वळू.

बेट आणि त्यावरची माणसे

मॉरिशस हे हिंदी महासागरातील ज्वालामुखीजन्य बेट मादागास्करच्या पूर्वेला, विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरपेक्षाही कमी, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. लोकसंख्या बारा लाखांहून थोडी अधिक. मुंबईहून विमानाने सुमारे सहा तासांत तेथे पोहोचता येते. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. दक्षिण गोलार्धामुळे ऋतू उलटे : आपल्याकडे मे महिन्यात अंगाची लाही होत असताना तेथे हिवाळ्याची चाहूल लागते, आणि जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ असतो. चलनाचे नावही रुपयाच. प्रवासाविषयी एवढी माहिती पुरे.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या बेटाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यावर मूळ रहिवासीच नव्हते. तेथे डोडो नावाचा उडता न येणारा पक्षी होता. माणूस मात्र बाहेरून आला, आणि जो आला तो आपली भाषा घेऊन आला. डच १६३८ मध्ये वसले आणि १७१० मध्ये बेट सोडून गेले. आपला राजपुत्र मॉरिस याचे नाव त्यांनी बेटाला दिले, ते मागे राहिले. (डोडोही त्यांच्याच काळात संपला.) त्यानंतर फ्रेंच आले. त्यांनी बेटाचे नाव बदलले, बंदर बांधले, उसाची लागवड वाढवली आणि त्यासाठी मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. पुदुच्चेरीकडून तमिळ कारागीरही आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. मात्र शरणागतीच्या करारात रहिवाशांचे कायदे, चालीरीती आणि धर्म अबाधित ठेवण्याचे मान्य केले गेले, आणि फ्रेंच भाषेचे व्यवहारातील स्थान टिकून राहिले. त्याचा परिणाम आजही ऐकू येतो. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, पण सदस्याला फ्रेंचमधून बोलता येते. वर्तमानपत्रे प्रामुख्याने फ्रेंच. घरात, बाजारात आणि भांडणात मात्र या दोन्ही भाषा नसतात. तेथे असते ती क्रिओल.

क्रिओल म्हणजे 'मोडकी' भाषा नव्हे

पिजिन आणि क्रिओल या संज्ञा नीट समजून घ्या. परस्परांची भाषा न कळणारी माणसे व्यवहारापुरती जी कामचलाऊ बोली घडवतात ती पिजिन. ती कोणाचीच मातृभाषा नसते. अशी बोली ज्यांच्या कानावर जन्मापासून पडते त्या मुलांची पिढी तिला पूर्ण भाषेचे रूप देते, तेव्हा क्रिओल जन्माला येते. प्रत्येक क्रिओल याच मार्गाने घडली का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तुमच्या परीक्षेसाठी ही मूळ कल्पना पुरेशी आहे. मॉरिशसची क्रिओल अठराव्या शतकात फ्रेंच मालक आणि नाना भाषा बोलणारे गुलाम यांच्यात घडली. तिचा शब्दसाठा बहुतांशी फ्रेंच आहे, व्याकरण मात्र तिचे स्वतःचे आहे.

काही उदाहरणे पाहू. पाण्याला फ्रेंचमध्ये 'ओ' म्हणतात. 'द लो' म्हणजे 'थोडे पाणी'. क्रिओलमध्ये पाण्याचा शब्दच 'दिलो' झाला. तांदूळ 'री', 'द्यु री' म्हणजे 'थोडा भात', क्रिओलमध्ये 'दिरी'. समुद्राला 'लामेर', पक्ष्याला 'झ्वाझो', अननसाला 'झनाना'. प्रत्येक ठिकाणी फ्रेंच उपपद, किंवा त्याचा शेवटचा ध्वनी, नामाला कायमचा चिकटला आहे. ऐकणाऱ्याला शब्द कोठे सुरू होतो हे दिसत नाही. त्याने जे अखंड ऐकले, तोच त्याचा शब्द झाला. असे परभाषेतील उपपद चिकटलेले शब्द आपणही वापरतो. 'अलबत' म्हणताना त्यातील 'अल' हे अरबी उपपद आहे, याची आठवण आपल्याला कोठे असते?

आता क्रियापद पाहा. 'मो मांझे' म्हणजे 'मी खातो'. 'मो पे मांझे' : मी खात आहे. 'मो ती मांझे' : मी खाल्ले. 'मो पू मांझे' : मी खाईन. 'मो फिन मांझे' : माझे खाऊन झाले आहे. कर्ता बदलला तरी क्रियापद बदलत नाही. त्याच्या आधी येणारे छोटे शब्द काळ आणि क्रियाव्याप्ती सांगतात. 'ती' आणि 'पे' एकत्र आले, 'मो ती पे मांझे', की 'मी खात होतो' हा अर्थ मिळतो. तृतीयपुरुषी एकवचनाला 'ली' हा एकच शब्द. 'तो' आणि 'ती' असा भेद नाही. हे सारे नियमबद्ध आहे. चुकीचे क्रिओल वाक्य केले, तर तेथील पाच वर्षांचे मूलही हसते. ज्या भाषेत चूक करता येते, तिला नियम असतात. त्यामुळे 'मोडकी फ्रेंच' हे वर्णन शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही. तरीही ही भाषा प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून यायला २०१२ साल उजाडावे लागले.

येथे मला एक कबुली द्यावीशी वाटते. 'काय करू राहिला?' हे आपल्या जालना-संभाजीनगर परिसरातील वाक्य आणि 'काय करू लाला?' हे परभणी-नांदेडकडील वाक्य उत्तरपत्रिकेत दिसले, की अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत मी त्याखाली लाल रेघ ओढत असे. 'राहणे' आणि 'लागणे' ही पूर्ण अर्थाची क्रियापदे झिजून चालू क्रियेची खूण बनली आहेत. क्रिओलमधील 'पे' आणि 'फिन' हे शब्दही फ्रेंच शब्द झिजून असेच तयार झाले. परदेशातील बेटावर जी प्रक्रिया मी कौतुकाने वहीत टिपून घेत होतो, तिलाच माझ्या वर्गात मी चूक ठरवत होतो. प्रमाणलेखनात काय लिहावे हा प्रश्न वेगळा. पण 'अशुद्ध' हा शब्द त्यानंतर मी वापरलेला नाही.

मुंबई बंदरातून निघालेले

१८३५ मध्ये मॉरिशसमधील गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'ॲटलास' नावाच्या जहाजातून भारतीय करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुई बंदरात पोहोचली होती. करार पाच वर्षांचा, पुरुषाला वेतन महिन्याला पाच रुपये. तेथून १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय या बंदरात उतरले. ज्या धक्क्यावर त्यांची नोंद होई त्याला आता 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. जहाजातून उतरलेला मजूर ज्या दगडी पायऱ्या चढून आत येई, त्या सोळा पायऱ्या आजही दाखवल्या जातात. सहलीच्या कार्यक्रमात या घाटाला पुष्कळदा अर्धा तासही मिळत नाही. तुम्ही गेलात तर तेथे अधिक वेळ मागून घ्या. समुद्रकिनारा कोठे जात नाही.

मजूर कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून गेले. सर्वाधिक संख्या बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातील भोजपुरी भाषकांची. मुंबईहून गेलेल्यांचे प्रमाण त्या मानाने बरेच कमी. त्यांत मराठी माणसे प्रामुख्याने कोकणपट्टीतील होती. दगड उलटला की खाली सोने सापडते, असे सांगून मजुरांना भुलवल्याची कथा बेटावर आजही सांगितली जाते.

नोंदणीच्या वहीत काय घडले, हा नामाभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. इंग्रज वा फ्रेंच वळणाच्या कारकुनाने कानाला आले तसे नाव लिहिले. मजुराचे स्वतःचे नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. त्यामुळे तेथील मराठी कुटुंबांत 'जी' हा शेवट असलेली आडनावे भेटतात. आपल्याकडे ती पणजोबांची पाळण्यातली नावे वाटतील, आणि ती खरोखर तशीच आहेत. गावाचे नाव लावणारे 'कर' शेवटाचे आडनाव मात्र पुष्कळांच्या बाबतीत समुद्रातच राहिले. आप्रवासनाच्या या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या आहेत. आपले पूर्वज कोणत्या जहाजाने आले हे शोधायला लोक आजही तेथे जातात. याच संस्थेत मराठीचे अध्यापनही होते.

आरती कोणाला पाठ आहे?

काही वर्षांपूर्वी मी सहकुटुंब, एका गटाबरोबर मॉरिशसला गेलो होतो. गणेशोत्सवाचे दिवस होते. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. बेटाच्या पश्चिमेकडील एका गावात मराठी कुटुंबांची वस्ती आहे असे कळल्यावर आम्ही पाच-सहाजण संध्याकाळी तेथील देवळात गेलो. आमच्यात एक निवृत्त अधिकारी होते. साडी नेसलेल्या एका तरुणीला त्यांनी मोठ्या आपुलकीने विचारले, "तुम्ही मराठी ना? मग मराठीत बोला की!" ती ओशाळून हसली. मोडक्या हिंदीत म्हणाली, "थोडा-थोडा समझती हूँ, अंकल." मग शेजारच्या मुलाशी क्रिओलमध्ये बोलू लागली. आमचे स्नेही माझ्याकडे वळून म्हणाले, "संपली हो मराठी इथली."

तेवढ्यात आरती सुरू झाली. ती तरुणी डोळे मिटून, एकही शब्द न चुकता, सर्व कडवी म्हणत होती. दुसऱ्या कडव्यानंतर आमच्या स्नेह्यांचा आवाज बारीक झाला. तिसऱ्याला ते नुसतेच टाळ्या वाजवत होते. मीही त्यांच्यापेक्षा फार पुढे नव्हतो, हे नमूद करतो.

नंतर मी तिला विचारले, "अर्थ कळतो का?" ती म्हणाली, "शाळेत मराठी घेतली होती, तेव्हा बाईंनी सांगितला होता. आजीला विचारला तर ती म्हणायची, आधी पाठ कर."

मराठी 'संपली' आहे की 'टिकली' आहे? असा प्रश्न विचारला की उत्तर चुकणारच. समाजभाषाविज्ञानात आपण घरची भाषा आणि पूर्वजांची भाषा यांत भेद करतो. मॉरिशसच्या जनगणनेत या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या गेल्या आहेत, आणि दोन रकान्यांतील आकडे एकमेकांपासून फार दूर आहेत. घरात क्रिओल बोलणाऱ्यांचे प्रमाण २०११ मध्ये ८० टक्क्यांहून अधिक होते. भोजपुरीसारखी मोठी भाषाही घरातून मागे हटली : २००० मध्ये सुमारे १२ टक्के, २०११ मध्ये सुमारे ५. मराठी तर त्याहून कितीतरी लहान. स्वयंपाकघरातून ती जवळजवळ गेली. पण देवघर, शाळेचा तास, लग्नविधी आणि 'झाकरी' यांत राहिली. 'झाकरी' म्हणजे रत्नागिरीकडील जाखडी. गणपतीत फेर धरून म्हटली जाणारी ही गाणी मजुरांच्या गाठोड्यातून गेली आणि तेथे त्या समाजाची ओळख बनली. भाषा व्यवहारातून हटते तेव्हा ती कोणकोणत्या कोपऱ्यांत आश्रय घेते, ते कोपरे मोजणे हे अभ्यासकाचे काम आहे.

आमच्या स्नेह्यांच्या शेऱ्यात एक अन्यायही होता. ज्या माणसांना मळ्यावर भोजपुरी मुकादम, तमिळ शेजारी आणि फ्रेंच मालक यांच्याशी एकाच दिवसात बोलावे लागत होते, त्यांनी क्रिओल स्वीकारली म्हणून भाषा 'सोडली' असे कोणी म्हणावे? मुंबई-पुण्यात वाढणाऱ्या आपल्याच नातवंडांची घरची भाषा कोणती, हे त्यांनी तपासले होते की नाही, मला माहीत नाही. आपल्याच वर्गात तांड्यावरून येणारा विद्यार्थी अर्जातील 'मातृभाषा' या रकान्यात गोरमाटीऐवजी 'मराठी' लिहितो, तेव्हा आपल्यापैकी कोणी त्याला थांबवतो का? मी अनेक वर्षे थांबवले नाही.

नोटेवरील लिपी आणि रस्त्यावरील पुरी

अनेक भाषा एकत्र नांदतात म्हणजे तेथे ताण नसतो, असा समज सहलीच्या माहितीपत्रकांतून होतो. १९९८ मध्ये मॉरिशसच्या मध्यवर्ती बँकेने नव्या नोटा काढल्या. पूर्वीच्या नोटांवर इंग्रजीनंतर तमिळ आणि मग देवनागरी असा क्रम होता; नव्या नोटांवर देवनागरी तमिळच्या आधी आली. तमिळ समाजाने तीव्र आक्षेप घेतला : भारतीयांपैकी आम्ही येथे आधी आलो, आमची लिपी खाली का? अखेर त्या नोटा मागे घेतल्या गेल्या आणि जुना क्रम परत आला. नोट वाचण्यासाठी दोन्हींपैकी कोणत्याच लिपीची कोणाला फारशी गरज नव्हती. लिपीला येथे प्रतीकमूल्य होते. नोट हाती आली की तिच्यावरील ओळींचा क्रम अवश्य पाहा.

खाद्यपदार्थांच्या नावांत मात्र असा वाद दिसत नाही. पोर्ट लुईच्या बाजारात 'ढोल पुरी' मिळते. 'ढोल' म्हणजे डाळ. पातळ पोळीत शिजवून वाटलेली डाळ भरलेली असते. आपल्या पुरणपोळीतून गूळ काढून घेतला तर जे उरेल त्याच्या जवळचे. ती जोडीनेच विकतात, वर रस्सा आणि 'सातिनी'. 'सातिनी' म्हणजे चटणी, 'फाराता' म्हणजे पराठा. कोथिंबिरीला 'कोतोमिली' म्हणतात; तो शब्द तमिळ. पदार्थ उत्तरेचा, मसाल्याचे नाव दक्षिणेचे, भाषेचा सांगाडा फ्रेंच वळणाचा, आणि विकणारा आफ्रिकी, चिनी वा भारतीय, कोणत्याही वंशाचा.

जवळचे बेट

आता प्रारंभी सांगितलेल्या गावाकडे वळू. अलिबागच्या दक्षिणेला, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई हे गाव आहे. डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला, पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती. १७४० मध्ये पोर्तुगीज येथून गेले, भाषा राहिली. सुमारे हजारभर माणसे आजही घरात पोर्तुगीज शब्दसाठ्याची क्रिओल बोलतात. तिला ते 'नॉ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. चहूबाजूंच्या मराठीच्या सहवासाने तिचे क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊ लागले आहे. मॉरिशसमध्ये मराठी अल्पसंख्य आणि क्रिओल बलिष्ठ. कोर्लईत नेमके उलटे. तेथील मुले मराठी शाळेत जातात. त्यांच्या घरात ती तरुणी आणि तिची आजी यांच्यातील संवाद कोणत्या भाषांत घडत असेल, याचा विचार करा.

याहूनही जवळ जायचे असेल तर आपल्या शहरातील गुलमंडीवर किंवा शहागंजात अर्धा तास उभे राहा. दखनी बोलणारा दुकानदार 'मैंच बोला' म्हणतो. त्यातील 'च' मराठीचा आहे. 'नको'ही मराठीचाच. ही क्रिओल नव्हे, हे लक्षात ठेवा : येथे दोन पूर्ण भाषा शेजारी राहिल्या आणि एकीने दुसरीचे काही घेतले.

स्वाध्याय आणि उपक्रम

पिजिन, क्रिओल आणि भाषिक ऋण यांतील भेद वरील उदाहरणांच्या आधारे सुमारे ३०० शब्दांत लिहा. 'दिलो' आणि 'अलबत' यांच्यासारखे, परभाषेतील व्याकरणिक घटक चिकटून आलेले आणखी दोन शब्द शोधता येतात का ते पाहा. न सापडल्यास कोठे शोधले ते लिहा, त्यालाही गुण आहेत.

उपक्रमासाठी आपल्या घरातील तीन पिढ्या निवडा. स्वयंपाक, पूजा किंवा प्रार्थना, हिशेब, भांडण, भ्रमणध्वनीवरील संदेश आणि बाळाला झोपवणे या सहा प्रसंगी प्रत्येक पिढी कोणती भाषा वा बोली वापरते, याची नोंद आठ दिवस ठेवा. नोंद करताना कोणालाही दुरुस्त करू नका. आजी-आजोबा हयात नसतील, तर त्यांचे स्मरणात राहिलेले एक वाक्य, ते जसे उच्चारत तसेच, वहीच्या पहिल्या पानावर लिहून संपर्कसत्राला घेऊन या.